खेळातलं आकाश आणि अध्यास

व्हिडिओ गेममधलं आकाश खोटं, असं सहज म्हटलं जातं. १९९७ च्या ‘क्वेक २’मध्ये ते घनाच्या आतल्या बाजूंना लावलेल्या सहा चित्रांचं होतं. घनाचा मध्य कायम खेळाडूपाशीच, म्हणून कितीही धावलं तरी क्षितिज जवळ येत नाही. पण आपल्या डोक्यावरच्या निळ्या घुमटाला तरी पृष्ठभाग कुठे आहे? ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्य अध्यासासाठी, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे गुण लादण्याच्या चुकीसाठी, हाच दाखला देतात: अजाण माणसं आकाशावर तळ आणि मळकटपणा लादतात. हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश आपल्याला छत वाटतो. नजर आपसूक जे करते, तेच चित्रकार जाणीवपूर्वक करतो. याला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कुणी म्हणेल, खऱ्या निळाईमागे अथांग अवकाश आहे, चित्रामागे काहीच नाही. आक्षेप रास्त आहे, हा भेद पुसू नयेच. मात्र चित्रालाही पडद्यावरच्या प्रकाशाचं अधिष्ठान आहे, आणि चूक त्या प्रकाशात नसून त्यावर लादलेल्या दूरपणात आहे. शिवाय प्रकाशाचं विखुरणं समजल्यावरही आकाश निळंच दिसतं. तसंच, सहा चित्रांचे सांधे स्वतः जुळवणाऱ्यालाही खेळताना ते ढग दूरचेच भासतात.