दावा कुणापुढे?

१७४९च्या उन्हाळ्यात सेलोराँ द ब्लेंव्हील नावाचा एक फ्रेंच अधिकारी दोनशेहून अधिक माणसं आणि होड्यांचा ताफा घेऊन माँट्रियलजवळून निघाला. सोबत शिशाचे पत्रे होते. ओहायो नदीला एखादी मोठी उपनदी मिळाली की उतरायचं, झाडाच्या बुंध्याशी खड्डा खणून पत्रा पुरायचा, झाडावर राजचिन्हाचा टिनाचा तुकडा ठोकायचा, पंधराव्या लुईचा जयजयकार करायचा, अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा लिहायचा आणि पुढच्या संगमाकडे निघायचं, असं काम ठरलेलं होतं. मजकूर आधीच कोरून आणलेला होता. जागा आणि तारीख तेवढी तिथल्या तिथे घालायची होती. ही नदी, तिला मिळणाऱ्या सगळ्या नद्या आणि दोन्ही काठांची जमीन पार उगमापर्यंत फ्रान्सच्या राजाची आहे, असा त्याचा आशय. जवळजवळ पन्नास वर्षांनी मस्किंगम नदीच्या मुखाशी पोहायला गेलेल्या मुलांना यातला एक पत्रा सापडला. ते काय आहे हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्यातलं बरंचसं शिसं बंदुकीच्या गोळ्यांसाठी वितळवून झालं होतं.

जमिनीत पुरलेला मजकूर वाचणार कोण? ज्यांच्या मक्याच्या शेतांजवळ तो पुरला, त्या लेनापे, शॉनी आणि सेनेका लोकांना तो दाखवायचाच नव्हता. त्यांच्याशी सेलोराँ वेगळं बोलत होता. गावोगाव थांबून, इंग्रज व्यापाऱ्यांना हाकलून द्या असं तो सांगे आणि लोक ऐकून घेत. इंग्रजांचा माल स्वस्त होता, त्यामुळे कुणी हाकलत मात्र नसे. इकडची माणसं फ्रान्सकडे अजिबात झुकलेली नाहीत, अशी नोंद त्याला परतताना करावी लागली. म्हणजे पत्रे रहिवाशांसाठी नव्हते. ते होते इंग्लंडच्या राजासाठी. उद्या वाटाघाटीच्या टेबलावर वाद निघाला, तर आम्ही आधी आलो होतो, हा घ्या पुरावा, असं म्हणता यावं म्हणून.

पुढे १७५४ ते १७६३ या काळात उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात जे युद्ध झालं, ते मला या एका गोष्टीवरून उलगडत जातं. मालकीचा दावा हवेत होत नाही, तो कुणापुढे तरी मांडावा लागतो. ओहायोवरचा फ्रेंच दावा लंडनपुढे मांडलेला होता आणि इंग्रजी दावा व्हर्सायपुढे. जमिनीवर जो राहत होता तो या खटल्यात पक्षकारच नव्हता. युद्धाने निकाल लागला तो याच खटल्याचा. रहिवाशाशी असलेला प्रश्न जिथल्या तिथे राहिला, आणि पुढच्या काळात तो सुटल्याचं भासवलं गेलं.

इंग्रजांचे कागदही पाहण्यासारखे आहेत. व्हर्जिनिया वसाहतीच्या १६०९च्या सनदेत तिची हद्द एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत लिहिलेली होती. मध्ये किती जमीन आहे, हे सनद देणाऱ्यांपैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. १७४४ साली लँकेस्टर इथे मूलनिवासी जमातींच्या इरोक्वा संघाशी तह झाला. इरोक्वांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी शेनान्डोआ खोऱ्यावरचा हक्क सोडला. व्हर्जिनियाने त्याचा अर्थ लावला की सनदेत लिहिलेली सगळीच जमीन मिळाली. या अर्थाच्या बळावर तिथल्या धनिकांनी ओहायो कंपनी काढली. १७४९ साली राजाने तिला दोन लाख एकर देऊ केले. अट अशी की सात वर्षांत शंभर कुटुंबं वसवायची आणि एक किल्ला बांधायचा. भागधारकांत वॉशिंग्टन घराण्यातले भाऊ होते. पुढे फ्रेंचांना निघून जाण्याचं फर्मान धाडणारा व्हर्जिनियाचा कारभारी डिनविडी हाही भागधारकच होता.

इरोक्वांना ओहायोची जमीन देण्याचा अधिकार होता का? त्यांचं म्हणणं असं की सतराव्या शतकातल्या लढायांत हा मुलूख आम्ही जिंकला आणि तिथले लोक आमच्या छत्राखाली राहतात. लेनापे आणि शॉनी हे अर्धवटच मानत. पण इंग्रजांना ही व्यवस्था सोयीची होती. शंभर गावांशी बोलण्यापेक्षा एका दूरच्या धन्याशी बोलणं बरं, आणि तो धनी जी जमीन विकत होता तिथे त्याची स्वतःची घरं नव्हती.

लेनापेंना या कागदांची चांगलीच ओळख होती. त्यांचं मूळ घर डेलावेअर नदीच्या खोऱ्यात. १७३७ साली पेनसिल्व्हेनियाच्या मालकांनी एक जुना दस्त पुढे केला. माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन पेन कुटुंबाची, असं त्यात असल्याचं सांगितलं गेलं. लेनापेंच्या डोळ्यांसमोर होतं ते नेहमीचं चालणं, म्हणजे नदीच्या कडेने, मध्ये थांबत, चिलीम ओढत, जेवत. मालकांनी आधी रानातून वाट साफ करून घेतली आणि तीन तगडे गडी निवडले. शेवटी एकटाच टिकला, पण तो साठ मैलांच्या पुढे गेला. लेनापेंनी तक्रार केली तेव्हा इरोक्वांच्या प्रतिनिधीने भर सभेत त्यांनाच खडसावलं आणि जागा सोडायला लावली. अशी उठवलेली अनेक कुटुंबं पश्चिमेला डोंगर ओलांडून ओहायोच्या काठी आली.

तिथे १७५१च्या डिसेंबरात ओहायो कंपनीचा मोजणीदार ख्रिस्तोफर गिस्ट याला एका लेनापे माणसाने गाठलं. तमाक्वा आणि दुसऱ्या एका प्रमुखाचा निरोप त्याच्याजवळ होता. नदीच्या एका बाजूची सगळी जमीन फ्रेंच आपली म्हणतात आणि दुसऱ्या बाजूची इंग्रज, तर आमची जमीन कुठे आहे तेवढं सांगा. गिस्टने आपल्या रोजनिशीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की उत्तर सुचेना. मग त्याने विचार करून सांगितलं, आपण सगळे एकाच राजाची प्रजा आहोत. तुम्हीही जमीन घ्या, राजाचं देणं भरा आणि गोऱ्यांसारखेच हक्क मिळवा. जी जमीन ते कसत होते तीच घ्या, असं तो त्यांना सांगत होता. या सबंध युद्धातलं सर्वांत महत्त्वाचं संभाषण मला हेच वाटतं, आणि ते पहिली गोळी सुटण्याच्या अडीच वर्षं आधीचं आहे.

लढाया थोडक्यात सांगतो. १७५३ साली फ्रेंचांनी एरी सरोवरापासून ओहायोकडे किल्ल्यांची रांग उभारली. एकवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन भर हिवाळ्यात निघून जाण्याचा निरोप घेऊन गेला आणि सभ्य शब्दांतला नकार घेऊन परतला. पुढच्या वर्षी नदीच्या मुख्य संगमावर इंग्रजांचा किल्ला अर्धवट असतानाच फ्रेंचांनी जागा घेतली आणि तिथे फोर्ट द्युकेन बांधला. २८ मे १७५४ रोजी वॉशिंग्टनच्या तुकडीने एका छोट्या फ्रेंच पथकावर हल्ला केला, त्यात त्या पथकाचा प्रमुख जुमोंव्हील मारला गेला. जुलैत वॉशिंग्टनला शरण जावं लागलं. १७५५ साली जनरल ब्रॅडॉक इंग्लंडहून फौज घेऊन आला.

ब्रॅडॉकला तमाक्वाचा भाऊ शिंगास भेटला. फ्रेंचांना हटवायला तो मदत करायला तयार होता. त्याने विचारलं, फ्रेंच गेले की या जमिनीचं काय करणार? आमच्या लोकांना इथे राहता येईल का? शिंगासने पुढे एका कैद्याला ही हकीकत सांगितली आणि त्या कैद्याने ती लिहून ठेवली. तिच्यानुसार ब्रॅडॉकने सांगितलं की जमीन इंग्रजांची होईल, रानटी माणसाला तिच्यात वारसा नाही. शिंगास आणि त्याचे सोबती निघून गेले. ९ जुलैला मोनोंगाहेला नदीपाशी ब्रॅडॉकच्या आघाडीच्या सुमारे तेराशे माणसांपैकी नऊशेच्या आसपास मेली किंवा जखमी झाली. ब्रॅडॉकही गेला. समोरून लढणाऱ्यांत दोनतृतीयांशांहून अधिक मूलनिवासी होते, त्यातले बरेच उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलखातून आलेले. त्यानंतर शिंगास फ्रेंचांच्या बाजूने इंग्रजांच्या सरहद्दीवरल्या वस्त्यांवर तुटून पडला. त्या छाप्यांत शेतकरी कुटुंबं, बायकापोरं मेली, हेही इथे लिहायलाच हवं.

फ्रेंच मनाने उदार होते म्हणून हे लोक त्यांच्याकडे गेले, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. साऱ्या कॅनडात फ्रेंच वस्ती सत्तर हजारांच्या आत-बाहेर, तर इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून अधिक माणसं. फ्रेंचांना किल्ले, कातडी आणि कॅनडातून लुईझियानाकडे जाणारी वाट हवी होती. नांगर धरायला त्यांच्याकडे माणसंच नव्हती. लेनापेंनी दोघांना तोलून पाहिलं होतं. दोन दावेदार एकमेकांना अडवून आहेत तोवर आपल्या वहिवाटीला धक्का नाही, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

१७५८ साली फ्रेडरिक पोस्ट नावाचा मोरावियन धर्मोपदेशक पेनसिल्व्हेनियाच्या वतीने बोलणी करायला ओहायोला आला, तेव्हा त्याला पुन्हा तोच प्रश्न ऐकावा लागला. तुम्हाला आणि फ्रेंचांना भांडायचंच असेल, तर आपापल्या देशात भांडा नाहीतर समुद्रावर भांडा. आमच्या जमिनीवर येऊन का लढता? आमची जमीन लाटायचीय असंच यावरून दिसतं. त्या ऑक्टोबरात ईस्टन इथे तह झाला. डोंगरांपलीकडे वस्ती करणार नाही, असा शब्द इंग्रजांनी दिला. ओहायोचे लोक फ्रेंचांपासून बाजूला झाले. आधाराविना उरलेल्या फ्रेंचांनी नोव्हेंबरात फोर्ट द्युकेन स्वतःच उडवून दिला आणि ते निघून गेले. ज्या संगमासाठी युद्ध पेटलं, तो शेवटी एका आश्वासनावर इंग्रजांना मिळाला. आता तुम्हीही परत जा, असं प्रमुखांनी त्यांना सांगितलं. पण इंग्रजांनी तिथेच कितीतरी मोठा फोर्ट पिट उभारला.

१७६० साली माँट्रियल पडलं आणि १० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिसचा तह झाला. न्यू ऑर्लिन्सचा भाग वगळता मिसिसिपीच्या पूर्वेचा सगळा मुलूख फ्रान्सने इंग्लंडला दिला. ना लेनापे, ना शॉनी, कुणीही तिथे नव्हतं. फ्रान्सचा या जमिनीवर जेवढा दावा होता तेवढाच त्याला देता येत होता, आणि तो इंग्लंडविरुद्धचा दावा होता. कूळ शेतात नांगर धरून आहे आणि दोन सावकार तालुक्याच्या गावी बसून आपसात खरेदीखत करताहेत, तसं हे झालं.

याच तहातलं अकरावं कलम मराठी वाचकाने आवर्जून पाहावं. हे युद्ध हिंदुस्थानातही चालू होतं. पानिपत झालं त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. पानिपतावर मराठ्यांकडून लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी ब्युसीच्या तालमीत तयार झालेला. तर या कलमात दोन्ही राजांनी मिळून ठरवून टाकलं की दख्खनचा कायदेशीर सुभेदार सलाबतजंग. त्या वेळी सलाबतजंग बीदरच्या किल्ल्यात कैदेत होता. १७६२ सालीच धाकट्या भावाने, निजामअलीने, त्याला पदच्युत केलं होतं. तहानंतर सुमारे सात महिन्यांनी तो कैदेतच मेला. दरम्यान, १७६३च्या ऑगस्टात गोदावरीकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. दख्खनचा खरा निवाडा तिथे होत होता आणि पॅरिसचा कागद त्याच्या गावीही नव्हता. ओहायोच्या कागदाची जात हीच. मात्र दख्खनमध्ये कागद खोटा पाडायला फौजा होत्या.

ओहायोनेही प्रयत्न केला. उत्तरेत ओजिब्वेंचा प्रमुख मिनावावाना याने १७६१ सालीच एका इंग्रज व्यापाऱ्याला बजावलं होतं की तुम्ही फ्रेंचांना जिंकलंत, आम्हाला नाही. ही सरोवरं आणि रानं आमच्या वाडवडिलांनी आम्हाला दिलीत. १७६३च्या मे महिन्यात पाँटियाक या मूलनिवासी प्रमुखाच्या पुढाकाराने डेट्रॉइटला वेढा पडला आणि एकामागून एक इंग्रज ठाणी पडत गेली. फोर्ट पिटलाही वेढा होता. तिथे वाटाघाटीला आलेल्या लेनापे दूतांना किल्ल्यातल्या देवीच्या रुग्णालयातली दोन घोंगडी आणि एक रुमाल भेट देण्यात आला. किल्ल्यावरच्या एका व्यापाऱ्याने हे आपल्या रोजनिशीत लिहिलंय, आणि रोग पसरावा ही इच्छाही लिहिलीय.

या उठावाच्या धक्क्याने राजाने ७ ऑक्टोबर १७६३चा जाहीरनामा काढला. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे मोजणी नाही, सनद नाही, वस्ती नाही. मूलनिवाशांची जमीन खासगीत विकत घ्यायची नाही. घ्यायची तर राजाने, उघड सभेत. रहिवाशाचा कब्जा अखेर राजाच्या कागदावर आला. पण ती जमीन राजाच्या मुलखातच धरलेली होती, आणि ही राखण तूर्तास आहे असंही त्यात होतं. वॉशिंग्टनने ते नेमकं हेरलं. १७६७ साली त्याने आपल्या मोजणीदाराला लिहिलं की हा जाहीरनामा म्हणजे मूलनिवाशांना शांत करण्याचा तात्पुरता उपाय आहे, आत्ताच चांगली जमीन हेरून ठेवा. पुढच्या वर्षी फोर्ट स्टॅनविक्सला इरोक्वांनी दहा हजार पौंडांहून अधिक घेऊन ओहायोच्या दक्षिणेची विस्तीर्ण जमीन राजाला लिहून दिली. ती शॉनींची शिकारीची रानं होती आणि शॉनींनी संमती दिलेली नव्हती. या खेपेला त्यांना दुसऱ्या दावेदाराकडे जाता येत नव्हतं.

हा सगळा व्यवहार कायद्याच्या भाषेत बसवला तो १८२३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने. जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात एका बाजूचा हक्क थेट मूलनिवाशांकडून केलेल्या खरेदीवर उभा होता, दुसऱ्या बाजूचा सरकारी सनदेवर. दोन्ही पक्ष गोरे. सरन्यायाधीश मार्शल यांनी सनद ग्राह्य धरली. शोध लावणाऱ्या राष्ट्राला जमिनीचा अंतिम हक्क मिळतो, मूलनिवाशांकडे उरतो तो राहण्याचा हक्क, आणि तोही त्या राष्ट्रालाच विकता येतो. आणि हे तत्त्व युरोपीय राष्ट्रांनी आपापसातले तंटे टाळण्यासाठी आपसात ठरवलं होतं, हे मार्शल यांनी त्याच निकालपत्रात मान्य केलंय. आपसातल्या करारात तिसऱ्याचा हक्क कसा बुडाला, एवढं मात्र त्यातून कळत नाही.

इरोक्वा संघातल्या ओनायडा लोकांनी न्यूयॉर्क राज्यात आपल्या पूर्वजांच्या जमिनीचे काही तुकडे बाजारभावाने परत विकत घेतले. शेरिल शहराने त्यावर कर मागितला. आमच्या जमिनीवर आमची सत्ता आहे, असं ओनायडांचं उत्तर होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००५ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. निकालपत्राच्या पहिल्याच तळटीपेत शोधाच्या त्या तत्त्वाचा हवाला आहे.