अडलेल्याचा भाव

अहिल्यानगर जिल्ह्यात घर बांधणारे कुटुंब चौकटीसाठी वखारीत जाते, तेव्हा पुढ्यातला साग घाना किंवा इक्वाडोरचाही असू शकतो. तेथे मोठ्या मळ्यांबरोबर लहान शेतकरीही साग लावतात. झाड पक्व व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. झाड थांबू शकते. लेकरांची भूक थांबत नाही. म्हणून मंदीत अडलेला मनुष्य कोवळे झाड तोडतो आणि मिळेल तो भाव स्वीकारतो.

त्याने स्वखुशीने विकले, मग अन्याय कसला, असे कोणी विचारील. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी सांगितले, की केवळ संमतीने करार न्याय्य ठरत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’मध्ये तेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारास लावले. घोडेगावच्या बाजारात कांदा मातीमोल विकून परतणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. संमती त्याचीही असते, पर्याय मात्र नसतो.

मग आपले कर्तव्य कोणते? गरज नसताना लाकूड घेणे नव्हे. व्यापाऱ्याने पडत्या काळात ठरलेला भाव मोडू नये, पैसे वेळेवर चुकते करावेत. ग्राहकाने लाकूड कुठले, तोड कायदेशीर आहे काय, हे विचारावे. केवळ स्वस्ताईवर भुलू नये. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातला शेजारी परमुलखाचाच होता. त्याची अडचण ही आपली कमाई होऊ नये, एवढा न्याय आपल्या हाती निश्चित आहे.