निमित्ताचा कण

पाणी शून्य अंशाला गोठते हा शाळेत पाठ केलेला नियम तळ्या-डबक्यांपुरता खरा असला, तरी मेघोदरातील सूक्ष्म जलबिंदू त्याचा अंमल मानीत नाहीत; ज्याच्या आधाराने रेणूंनी स्फटिकाची मांडणी करावी असा एखादा परका कण भेटेपर्यंत ते उणे दहा, वीस, प्रसंगी तीस अंशांतही द्रवरूपच राहतात, आणि उणे 38 अंशांच्या सुमारास काय ती त्यांना कणाची गरज उरत नाही. आपल्या दर्शनकारांच्या परिभाषेत सांगायचे तर उपादानकारण सिद्ध आहे, निमित्तकारणावाचून कार्य तेवढे खोळंबले आहे.

हे निमित्त किती दुर्मिळ असू शकते, ते दक्षिण महासागरावर दिसते. खंडांची धूळ तेथवर क्वचितच पोहोचते. लाटांच्या तुषारांतून उडणारे सेंद्रिय कण हीच काय ती हिमबीजे, आणि तीही अत्यल्प. 2018 च्या आरंभी टास्मानियातील होबार्टहून संशोधकांचे विमान त्या मेघांत शिरले, ते याच कोड्यासाठी. कारण हवामानाच्या गणितांनी या मेघांत वाजवीपेक्षा अधिक हिम गृहीत धरले होते, आणि द्रवरूप मेघ ऊन अधिक परतवीत असल्यामुळे सागरावर पडणाऱ्या उन्हाचा सारा हिशेबच त्यामुळे चुकत होता.

याउलट सोलापूरच्या आकाशात कणांची वाण नाही. सह्याद्रीने आपला वाटा वसूल करून घेतल्यावर जे ढग भीमेच्या खोऱ्यावर येतात, त्यांत धूळ आणि धूर इतका असतो की तीच वाफ असंख्य कणांत विभागली जाते आणि, बारा वारसांत वाटलेल्या शेतावर कुणाचेच पोट भरू नये त्याप्रमाणे, एकही बिंदू पडण्याइतका थोर होत नाही. सुमारे पाच किलोमीटरांवर, जेथे शून्य अंशाची रेषा लागते तिच्या वर, एखादा हिमकण जन्मला तर चित्र पालटते. बर्फावरील बाष्पदाब पाण्यावरील दाबाहून कमी असल्याने भोवतालचे बिंदू आटतात, तो वाढतो आणि वितळत खाली येतो. सोलापूरकर ज्याला पाऊस म्हणतात त्यातला बराचसा असा वितळलेला बर्फच असतो, हे मे महिन्यात कुणाला पटेल!

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत याच मेघांवर प्रयोग केला. 276 मेघ निवडून, त्यांपैकी कोणत्यांत बीज पेरायचे आणि कोणते तसेच सोडायचे हे यदृच्छेवर सोपवून, विमानाच्या पंखांखालील नळकांड्यांतून मेघतळाशी कॅल्शियम क्लोराइड सोडण्यात आले. हे लवण हिमबीज नव्हे, वाफ ओढून थोरले थेंब घडविणारे बीज होय, हिमबीज ठरणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडची जात निराळी. रडार आणि पर्जन्यमापकांनी खातरजमा केल्यावर निष्कर्ष निघाला, की वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात सरासरी 18 टक्के पाऊस अधिक पडला, आणि त्या पाण्याचा खर्च लिटरला 18 पैसे आला.

हा अठरा टक्क्यांचा आकडा मला विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा द्योतक वाटतो, कारण तो लहान आहे. आमची सरकारदरबारची रीत मात्र विपरीत आहे. पैसेवारी घसरली, टँकरचे अर्ज मामलेदार कचेरीत साचले, की मग कृत्रिम पावसाची आठवण होऊन निविदा निघतात. 2003 मध्ये हेच झाले, 2015 मध्ये मराठवाड्यासाठी पुन्हा हेच झाले. परंतु निमित्त पुरविणे एवढेच माणसाच्या हाती असून उपादान त्याच्या हाती नाही, आणि ढगच नसलेल्या आकाशात अठरा टक्क्यांचा गुणाकार शून्याशीच होतो. तेव्हा सोलापूरच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती इतकीच, की विमानाची मागणी दुष्काळ जाहीर झाल्यावर न करता ढग भरून येणाऱ्या बऱ्या वर्षी करावी, आणि त्या वर्षीचे जादा पाणी जिरविण्या-साठविण्याची तजवीज सांगोला-मंगळवेढ्याच्या शिवारांत आधीच करून ठेवावी.