पंचांचा कोप व न्यायाधीशाचा विवेक

दुःखाची किंमत किती? औषधोपचाराचा खर्च कोणीहि कारकून मांडून दाखवील. परंतु सोसलेल्या वेदनांचें मोल करण्यास तराजू कोठून आणावा? इंग्रजी न्यायपरंपरेनें हें काम सामान्य नागरिकांच्या पंचायतीवर, म्हणजे ज्यूरीवर सोंपविलें, आणि अमेरिकेंत तें आजहि पुष्कळ अंशीं तिच्याकडेच आहे.

परंतु पंच झाले तरी माणसेंच. त्यांना दया येते, तसा कोपहि येतो. १९९४ सालीं न्यू मेक्सिकोंत, उपाहारगृहाच्या अति कढत कॉफीनें भाजलेल्या एका वृद्धेस ज्यूरीनें १,६०,००० डॉलर भरपाई दिली व कंपनीस वर २७ लाख डॉलर दंड केला. न्यायाधीशांनीं भरपाईस हात लावला नाहीं, कंपनीची बेपर्वाईहि मान्य केली. दंड मात्र भरपाईच्या तिप्पट, म्हणजे ४,८०,००० डॉलरांवर आणिला.

मग ज्यूरी हवी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर १७६३ सालच्या लंडनांतील एका खटल्यांत सांपडतें. सरकारी वॉरंटावरून छापखान्याच्या एका कामगारास सुमारें सहा तास अडकवून ठेविलें होतें. त्याला खाऊंपिऊंहि घातलें होतें. त्याच्या प्रत्यक्ष नुकसानीस वीस पौंड पुरले असते. ज्यूरीनें तीनशें दिले. मुख्य न्यायमूर्ति प्रॅट यांनीं तो निर्णय फिरविण्याचें नाकारिलें. पंचांनीं सहा तास मोजले नव्हते. प्रजेचें स्वातंत्र्य तोललें होतें. तात्पर्य, रक्कम मोठी आहे एवढ्यानेंच ती अन्यायाची ठरत नाहीं.

म्हणूनच अमेरिकन न्यायालयांची रीत आम्हांस विचारार्ह वाटते. रक्कम अवाजवी वाटल्यास न्यायाधीश सामान्यतः स्वतःचा आंकडा वादीवर लादीत नाहीं. ‘कमी रक्कम पत्कर, नाहीं तर खटला पुन्हा चालूं दे,’ असा पर्याय तो त्याच्यापुढें ठेवितो. अर्थात् दुसऱ्या खटल्याचा खर्च व विलंब गरीब वादीस परवडत नाहीं. तेव्हां हा पर्याय पुष्कळदां नांवाचाच उरतो. न्यायाधीशाची खरी कसोटी येथेंच लागते. ‘मी किती दिले असते?’ हा प्रश्न त्यानें विचारूं नये. ‘कोणीहि समंजस माणसें इतके देतील काय?’ एवढेंच विचारावें. पहिल्या प्रश्नांत अहंकार बोलतो, दुसऱ्यांत विवेक. दुसऱ्याच्या कोपाला आवर घालणाऱ्यानें आपल्या मताला आधीं आवर घालावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.