क्रोध, दुःख आणि करुणा

आपल्या काळाला एखादे नाव द्यावयाचे झाले, तर 'रागाचा काळ' हे नाव फारसे चुकीचे ठरणार नाही. रेल्वेच्या डब्यात धक्का लागला की राग, शेताचा बांध हातभर सरकला की राग, ग्रामसभेत राग, दूरदर्शनवरील चर्चेत राग. पूर्वी राग येण्यासाठी निदान दोन माणसे समोरासमोर यावी लागत. आता ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, अशा माणसाचे एखादे वाक्य मोबाइलवर वाचूनही आपले रक्त तापते आणि रात्रीची झोप उडते. चर्चचे आवारही याला अपवाद राहिलेले नाही, हे आम्ही खेदाने, परंतु अनुभवाने सांगतो.

धर्मगुरू म्हणून तीन तपे माणसांच्या सहवासात घालविल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. अन्य दोषांविषयी बोलताना माणसाची मान खाली जाते. रागाविषयी बोलताना मात्र ती वर होते. 'फादर, मी रागावलो. पण त्याचे वागणेच तसे होते,' असे तो सांगतो. म्हणजे राग हा असा दोष आहे, की तो सद्गुणाचा झगा घालून आपल्या घरात शिरतो. आपण रागावलो याचा अर्थ आपण न्यायाच्या बाजूचे आहोत, अशी आपली समजूत होते. आणि ही समजूत सुखावह असल्यामुळे तिला सोडचिठ्ठी देणे जड जाते.

मग ख्रिस्ती माणसाने रागावूच नये काय? सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे घेताना आम्हांला या प्रश्नाने बराच काळ छळले होते. सात प्रमुख पापांच्या यादीत क्रोधाचा समावेश आहे, हे आम्ही बालपणीच पाठ केले होते. पुढे तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन अभ्यासले, तेव्हा चित्र इतके सरळ नसल्याचे लक्षात आले. संत थॉमस म्हणतात, की विवेकाच्या पुढे धावणारा क्रोध विवेकाला आंधळा करतो. परंतु विवेकाच्या मागून, त्याच्या आज्ञेत चालणारा क्रोध चांगल्या कार्याला बळ देऊ शकतो. अन्याय डोळ्यांदेखत घडत असताना ज्याच्या मनात काहीच हालत नाही, त्याच्या ठायीही त्यांना दोष दिसतो. तेव्हा थंडपणा म्हणजे करुणा नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु विवेकाच्या मागून चालणारा राग ओळखावा कसा? याचे उत्तर आम्हांला ग्रंथालयात नव्हे, तर संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात सापडले. शब्बाथाचा दिवस आहे. सभास्थानात हात वाळलेला एक मनुष्य बसला आहे. प्रभू येशू त्याला बरे करतो की काय, यावर काही जण टपून आहेत. त्यांना त्या मनुष्याच्या हाताशी कर्तव्य नाही, त्यांना येशूवर आरोप ठेवावयाचा आहे. प्रभू त्यांना प्रश्न विचारतो. ते गप्प राहतात. तेव्हा प्रभू सभोवार रागाने पाहतो, आणि त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे त्याला दुःखही होते. शुभवर्तमानकाराने राग आणि दुःख या दोन्ही भावना एकाच वाक्यात नोंदवून ठेवल्या आहेत. आणि लगेच पुढे प्रभू काय करतो? तो त्या लोकांना शाप देत नाही. तो त्या मनुष्याला हात पुढे करावयास सांगतो आणि तो हात बरा होतो.

वाचकहो, ख्रिस्ती क्रोधाची कसोटी येथे आहे, असे आम्हांला वाटते. ज्याच्यावर आपण रागावलो, त्याच्याविषयी आपल्याला दुःखही होत आहे काय? दुःख होत असेल, तर त्या रागातून कोणाचा तरी वाळलेला हात बरा होण्याची शक्यता आहे. दुःख होत नसेल, उलट समोरचा चुकला याचा मनातून आनंदच होत असेल, तर तो राग कितीही न्याय्य दिसला, तरी तो प्रभूचा नव्हे.

ही कसोटी दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आम्ही स्वतः तिला कसे उतरलो, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. अनेक वर्षांपूर्वी आम्ही एका गावी धर्मग्रामाचे प्रमुख होतो. दफनभूमीच्या भिंतीचे काम चालले होते. सभेत एका गृहस्थाने हिशेबाचे तीन प्रश्न उभे केले. त्यांचा स्वर कडवट होता, शब्द बोचरे होते. सभेत आम्ही संयम राखला. परंतु पुढच्या रविवारी प्रवचनातून आम्ही 'काही लोकांच्या' संशयी वृत्तीवर असे आसूड ओढले, की नाव न घेताही साऱ्या चर्चला नाव कळले. त्या दिवशी आमचे प्रवचन रंगले होते. लोक मिस्सानंतर तसे म्हणालेही. ते गृहस्थ मात्र पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. आम्ही वाट पाहत राहिलो, की ते येऊन क्षमा मागतील. चौदा महिने वाट पाहिली. त्या चौदा महिन्यांत आम्ही रोज वेदीवर प्रभूची प्रार्थना म्हणत होतो आणि आपण ज्याप्रमाणे क्षमा करतो त्याप्रमाणे आपल्याला क्षमा व्हावी, हे मागणेही मागत होतो.

एका पावसाळी रात्री त्यांच्या पत्नी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तैलाभ्यंगासाठी आम्ही निघालो. वाडीतली वीज गेलेली होती. ते गृहस्थ स्वतः विजेरी घेऊन फाटकापाशी उभे होते. आम्हांला पाहून ते इतकेच म्हणाले, 'फादर, जपून या, दुसरी पायरी निखळलीय.' आणि त्यांनी विजेरीचा झोत आमच्या पायांपुढे धरला. स्वतः ते अंधारातून चालले.

त्या रात्री आम्हांला क्षमायाचनेचे शब्द सापडले नाहीत. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो आणि ते बोललो. तोवर आम्ही भिंतीचे कागदही नव्याने तपासले होते. त्यांच्या तीन प्रश्नांपैकी दोन गैरसमजातून आले होते. तिसरा योग्य होता. सिमेंटच्या काही पावत्या खरोखरच ठेवल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या कडवट स्वरातले सत्य आम्हांला आमच्या रागामुळे ऐकू आले नव्हते. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, चहा दिला. ते लगेच मिस्साला येऊ लागले, असे मात्र घडले नाही. त्याला आणखी बराच काळ जावा लागला. शब्द एका सकाळी बोलले जातात, जखम तिच्या गतीने भरते.

आमची ही गोष्ट लहान आहे. रागाचे कारण जेव्हा डोंगराएवढे असते, तेव्हाही ही कसोटी टिकते काय? येथे आम्हांला मध्य प्रदेशातील एका धर्मभगिनीची आणि तिच्या कुटुंबाची आठवण होते. सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. जन्म 1954 सालचा, केरळातील पुल्लुवळी येथील. 1992 साली त्या देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आल्या. तेथील आदिवासी शेतमजूर सावकारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या बुडालेले होते. सिस्टरांनी त्यांना सरकारी योजनांची माहिती दिली, बँकेचे कर्ज मिळविण्याची वाट दाखविली, बचतीची सवय लावली. कोणालाही शिवी न देता त्यांनी सावकारीच्या मुळावर घाव घातला. त्यांच्या कामात अन्यायाविषयीचा राग होता, असे आम्ही म्हणू. परंतु तो वाळलेला हात बरा करणारा राग होता.

25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुरीने वार केले, त्यांना बाहेर ओढले आणि पुन्हा वार केले. शरीरावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बसमध्ये प्रवासी होते. कोणी पुढे आले नाही. सिस्टर तेव्हा 41 वर्षांच्या होत्या. ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांनी या तरुणाला भरीस घातले होते. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात तो ज्याने आपल्याला भरीस घातले त्याच्याविषयीच्या सूडाने जळत होता. सुटलो की त्याला संपवायचे, हाच त्याचा ध्यास होता. एका रागाच्या पोटी दुसरा राग जन्म घेतो, तो असा.

ही साखळी तोडण्यासाठी कोणी तरी तुरुंगात जाणे आवश्यक होते. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटू लागले. त्यांच्या प्रयत्नाने 2002 साली रक्षाबंधनाच्या सुमारास सिस्टर राणी मारियांच्या सख्ख्या धाकट्या भगिनी, त्याच संघाच्या सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे कुटुंबाने व धर्मभगिनींनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 साली तो सुटला. पुढच्याच वर्षी तो केरळात सिस्टरांच्या घरी गेला, आणि त्या घराने त्याला मुलासारखे आत घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारियांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा त्या समुदायात समंदर सिंगही होता.

या घटनेकडे नीट पाहावे. 1995 ते 2002 ही सात वर्षे आहेत. क्षमा एका क्षणात उमलली आणि राखीच्या धाग्यासारखी सहज बांधली गेली, असे समजणे त्या घराच्या अश्रूंचा अवमान ठरेल. दुसरे असे, की क्षमेने कायद्याचा मार्ग अडविला नाही. खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षे तुरुंगात गेली. खून हा खूनच राहिला. त्या भगिनीने फक्त एक गोष्ट नाकारली: हा माणूस म्हणजे त्याने केलेला खून, एवढेच आणि त्यापलीकडे काही नाही, असे मानण्याचे तिने नाकारले. कृपा म्हणतात ती हीच. दोषाला दोष म्हणावयाचे, परंतु माणसाचा हिशेब तेथे बंद करावयाचा नाही.

हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण क्षमेच्या नावाखाली दुर्बलांना गप्प बसविण्याचे पातक आपल्या समाजात घडते. रोज मार खाणाऱ्या पत्नीला 'सहन कर, क्षमा कर' असे सांगून परत त्याच घरात धाडणे, ही करुणा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2020 सालच्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात हाच विचार मांडला आहे: अत्याचार करणाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे त्याला अत्याचार करू देणे नव्हे, उलट त्याला त्यापासून थांबविणे हेही प्रेमच. क्षमा ही ज्याच्यावर घाव पडला, त्याने मोकळ्या मनाने द्यावयाची देणगी आहे. ती त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार धर्मगुरूलाही नाही.

आपल्या मराठी परंपरेतही एका बहिणीची आठवण जपली गेली आहे. लोकांच्या निंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांची समजूत घातली; त्या विनवणीचे अभंग 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्ञानदेवांचा रोष अकारण नव्हता. समाजाने त्यांना छळलेच होते. तरीही ताटी उघडली पाहिजे, हे त्या लहान बहिणीला कळले होते. कारण ताटी लावली की निंदक बाहेर राहतात हे खरे, परंतु आपणही आतच कोंडले जातो.

आपल्या धर्मग्रामांत अशा किती ताट्या लागलेल्या आहेत! एकाच विहिरीचे पाणी पिऊन वाढलेले दोन भाऊ वाटणीवरून वीस वीस वर्षे बोलत नाहीत. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना मान नेमकी दुसऱ्या बाजूला वळते. आईच्या दफनाला दोघे येतात, पण कबरीच्या दोन टोकांना उभे राहतात. त्यांतील प्रत्येकाजवळ आपल्या रागाचे सबळ कारण आहे, आणि बहुधा दोघांचेही कारण काही अंशी खरे आहे. त्यांना 'रागावू नका' असे आम्ही सांगणार नाही. आम्ही एवढेच विचारू, की भाऊ दुरावला याचे दुःख अजून होते काय? होत असेल, तर ताटी अजून आतून खिळलेली नाही. केवळ लावलेली आहे.

वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. कोण चुकले, हे आधी ठरवावे, असे त्याने म्हटलेले नाही. जो आठवतो, त्याने निघावे. आम्ही चौदा महिने निघालो नाही. ज्याच्यावर आम्ही रागावलो होतो, त्यानेच शेवटी अंधारात उभे राहून आमच्यासाठी प्रकाश धरला. ती निखळलेली पायरी आजही आमच्या डोळ्यांपुढे आहे. आपणांपैकी कोणाला आज एखाद्या फाटकाशी जावयाचे असेल, तर त्याने उद्याची वाट पाहू नये. आणि कोणाच्या फाटकाशी कोणी आलेच, तर प्रथम प्रकाश धरावा, हिशेब मागाहून करावा.