सही घेणाऱ्याचा शब्द

पुन्हा तेच. एका कंपनीने आपल्या मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना बदलला, त्यासाठी फुकट काम करणारे चिडले, आणि कंपनीची तरफदारी करणाऱ्यांनी सुनावलं: तुम्ही सही केली होती ना? हे उत्तर मला सहन होत नाही. ती सही होते कशी ते पाहा. कुणीतरी रात्री बसून बग शोधतो, चार ओळी दुरुस्त करतो, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती दुरुस्ती स्वीकारण्याची विनंती, टाकतो. माणसाने ती वाचायच्या आत कंपनीचा स्वयंचलित बॉट हजर: आधी योगदानाचा करार मान्य करा. चौकटीत खूण केली की लाल फुली जाते, हिरवी टिक येते. कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, पण त्या ओळी हव्या त्या अटींवर वाटायची मुभा कंपनीला मिळते, तीही कायमची. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा, मुदत न लिहिता हक्क दिले तर ते पाच वर्षांपुरतेच धरतो; सही करणाऱ्या लेखकाची बाजू लंगडी असते हे त्याला ठाऊक आहे. आणि सही होते कशाच्या भरवशावर? टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हॅशिकॉर्पच्या कराराच्या पानावर लिहिलं होतं की सॉफ्टवेअर खऱ्या मुक्त परवान्याखाली ठेवता यावं म्हणून हा करार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कंपनीने टेराफॉर्मची पुढची आवृत्ती एमपीएल हा मुक्त परवाना सोडून, मुक्त नसलेल्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली नेली. सही दाखवणारे ते वाक्य कधी दाखवत नाहीत. देणाऱ्याला जन्मभर बांधणारा आणि घेणाऱ्याला मोकळा सोडणारा कागद कायद्यात बसेलही. त्याला प्रामाणिक व्यवहार म्हणायला मी तयार नाही.

कोड चोरीचा नाही याची खात्री हवी, असं वकील म्हणतात. रास्त आहे, पण त्यासाठी हक्क लिहून घ्यावे लागत नाहीत. लिनक्समध्ये आपला कोड घेतला आहे, या एससीओ कंपनीच्या दाव्यानंतर लिनक्सने २००४ मध्ये साधी रीत पाडली: हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं सांगणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ प्रत्येक पॅचखाली, म्हणजे दुरुस्तीखाली. हजारो लोकांचा कॉपीराइट त्यांच्याकडेच राहिला, त्यामुळे लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, परवाना कुणा एकाला बदलता येत नाही. गिटहबच्या सेवाशर्तीही हेच सांगतात: ज्या परवान्याचा प्रकल्प, त्याच परवान्याने योगदान, वेगळा करार असेल तरच तो वरचढ. म्हणजे न्याय्य नियम आधीपासून आहे, बॉट येतो तो नियम बाजूला सारायला. क्लाउडवाले आयतं विकून खातात ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून एजीपीएल आहे: नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही बदललेला कोड खुला करायला लावणारा मुक्त परवाना. आधी मुक्त परवाना सोडलेल्या इलास्टिक आणि रेडिस या कंपन्यांनी अनुक्रमे २०२४ आणि २०२५ मध्ये शेवटी तोही पर्याय दिलाच.

रेडिसचं थोडं वेगळं. तिथला बीएसडी परवानाच इतका सैल होता की २०२४ मध्ये तो सोडताना वेगळी सही लागलीच नाही. ज्यांना पटलं नाही ते रेडिसच्याच जुन्या कोडवरून निघालेल्या व्हॅल्की प्रकल्पाकडे गेले. तिथे मी फार भांडणार नाही. माझं भांडण बॉटच्या कागदाशी आहे, आणि तो सुधारता येतो. अपाची फाउंडेशनही सही घेतं, पण त्याच करारात स्वतःलाही बांधून घेतं: तुमचं योगदान लोकहिताविरुद्ध वापरणार नाही. कंपन्यांनीही तेवढी एक ओळ घालावी, की हे योगदान मुक्त परवान्याखालीही कायम प्रसिद्ध होत राहील. ती घालायला जी कंपनी नकार देईल तिचा बेत तिथेच उघड झाला. तिला पॅच पाठवू नका.