परंपरेचा जाब कोणाला?

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात फुटबॉल सामन्यापूर्वी विद्यार्थी ओंडक्यांची प्रचंड शेकोटी रचत. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी पहाटे रचता रचताच ती कोसळली. १२ जण दगावले, २७ जखमी झाले. चौकशी समितीला कुणा एकाचा दोष दिसला नाही. सदोष रचना आणि वर्षानुवर्षांची ढिलाई दिसली. मग जबाबदार कोण? ‘पूर्वापार चालत आलंय’ म्हणत आपण सारेच प्रश्न विचारणे सोडून देतो. १९६३ साली केनेडींच्या हत्येनंतर रचलेली शेकोटी न पेटवता उतरवली होती. मृताच्या आदरापोटी परंपरा थांबू शकते, तर जिवंतांसाठी का नाही? २००४ च्या स्मारकात १२ दारे आहेत. प्रत्येक दार एकेका मृताच्या गावाकडे तोंड करून उभे आहे. परंपरा जपणाऱ्या आपण आधी त्या घरांना जाब द्यायला हवा.